धनीबाईचा अंगठा

"ताई, खरं सांगा, कोणता फोन सेफ? आयफोन का अँड्रॉइड?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हे मी आता शिकले आहे. त्याच्या खिशात जो असेल तोच चांगला, एवढंच त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असतं. बाभुळगावच्या स्टँडपासून जरा पुढे माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानासमोर एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर बसून लोक या विषयावर जेवढे भांडले, तेवढे निवडणुकीतही भांडले नसतील. मी आत दिव्याखाली मान घालून बसलेली असते. मनात म्हणते, भांडा बापांनो, शेजारच्याचा चहा तरी खपतो.

बाईनं मोबाइल दुरुस्त करायचा म्हटल्यावर घरच्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती. आता त्यांचेच फोन आधी येतात, आणि तेही फुकटात. पण एक झालं. बाईचं दुकान म्हणून बाया यायला लागल्या. फोनमध्ये फोटो असतात, माहेरचं बोलणं असतं, कोणाला सांगायचं नाही असं कायकाय असतं. तो फोन अनोळखी पोराच्या हाती देऊन घरी जायचं आणि संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं, यापेक्षा बाई बरी. त्यामुळे सुरक्षितता हा विषय मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. तो माझ्या काउंटरवर रोज येऊन बसतो.

बाकीचं काम साधं असतं. काच बदला, बॅटरी बदला. कापसाच्या हंगामात तर निम्मे फोन "चार्ज होत नाही" म्हणून येतात आणि चार्जिंगच्या भोकात सुई घातली की कापसाचे तंतू निघतात. माणूस खट्टू होतो. एवढ्या चिंतेनं आला आणि आजार निघाला कापसाचा!

तर आयफोन आणि अँड्रॉइड. मी बाकड्यावरच्यांना सांगते तसंच सांगते. आयफोन म्हणजे शिस्तीचं वसतिगृह. फाटक एकच, वॉचमन एकच, बाहेरचं काहीही आत यायचं तर त्याच्या नजरेखालून. नवं कुलूप आलं की सगळ्या खोल्यांना एकदमच बसतं, आणि खोली जुनी झाली तरी बरीच वर्षं बसत राहतं. अँड्रॉइड म्हणजे आपलं खेड्यातलं घर. पुढून दार, मागून दार, गोठ्याकडून एक. दारं मजबूत आहेत, कड्याही पक्क्या आहेत. पण घरं अनेक कंपन्यांनी बांधलेली. कोणी नवं कुलूप लगेच पाठवतं, कोणी सवडीनं, आणि स्वस्तातल्या घराला बरेचदा विसरूनच जातात. शिवाय दार कोणासाठी उघडायचं हे घरमालकानं ठरवायचं. आणि आमच्याकडचा घरमालक कसा, तर आल्या पाहुण्याला नाही म्हणणार नाही.

एका लग्नसराईत फोनवर लग्नपत्रिका फिरायला लागली. पत्रिका बघायची तर म्हणे आधी एक ॲप घ्या. फोन बिचारा विचारत होता, हे अनोळखी आहे, खरंच आत घेऊ? लोक हो हो म्हणत गेले. मग त्या फोनमधून पुढच्या सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका! मी एकीवर चिडलेच. "अहो, फोननं विचारलं होतं ना?"

"ताई, मामीच्या नंबरावरून आलती," ती म्हणाली. "मामीची पत्रिका नाई उघडली तं मामी जन्मभर बोलून दाखवन. तुमीच सांगा, काय कराव?"

त्या मामीच्या घरी लग्नाचं कोणी नव्हतंच.

आणि आयफोनवाले फार शहाणे असतात असंही नाही. आमच्या इथले एक कापड दुकानदार आयफोन घेऊन आले, छाती पुढे काढून. याच्यात कोणी शिरू शकत नाही, जगातला पक्का फोन, वगैरे. काच बदलायला मी फोन उलटा केला तर पारदर्शक कव्हरच्या आत चिठ्ठी, चिठ्ठीवर पासकोड. मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. ते म्हणाले, "इसरून जातो ना वो ताई!" मला हसू आवरेना. जगातलं पक्कं कुलूप, आणि किल्ली कडीलाच लटकवलेली.

पण मस्करी सोडा. गेल्या काही वर्षांत या दोन्हीकडच्या लोकांनी जे काम करून ठेवलं आहे ते पाहून मला खरंच हात जोडावेसे वाटतात. पूर्वी काही अँड्रॉइड फोनचं लॉक आम्ही दुरुस्तीवाले काहीतरी खटपट करून काढायचो. आता नाही निघत. आतला सगळा माल गुंतवून ठेवलेला असतो आणि त्याची गाठ मालकाच्या पिनशिवाय सुटत नाही. फार तर सगळं पुसता येतं. आणि पुसलं तरी चालू होताना फोन आधीच्या मालकाचं खातं मागतो. आयफोन तेच करतो, अँड्रॉइडही तेच. माझा धंदा थोडा बसला. तरी मला आनंद झाला, तो का, ते पुढे कळेल.

आधी बोटांचं सांगते, कारण ते बाहेरच्याला माहीत नसतं.

कापूस वेचायला गेलात तर कळेल. बोंड उमलल्यावर त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून काट्यासारखी होतात. दिवसभर वेचणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं सोलून निघतात, चिरा पडतात. त्या बोटांचा ठसा फोन ओळखतच नाही. महागाचा असो, स्वस्ताचा असो, बोट ठेवलं की थरथरतो आणि म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. हंगाम सुरू झाला की बाया माझ्याकडे येतात, "ताई, सेंसर खराब झालं." सेंसर ठणठणीत असतं हो. बोटं खराब झालेली असतात.

यावर आमच्या बायांनी स्वतःच उपाय काढला. घरात जो वेचायला जात नाही त्याचं बोट लावून ठेवायचं. कोणाच्या फोनला शाळेतल्या पोराचं बोट, कोणाच्या फोनला म्हाताऱ्या सासऱ्याचं. बाई शेतातून येते आणि ओसरीवर बसलेल्या सासऱ्यासमोर फोन धरते, "मामाजी, उघडून द्या." ज्यांनी हे फोन बनवले त्यांना हे सांगितलं तर ते कपाळाला हात लावतील. पण पिन टाकायचा म्हटलं तर घरातले आठ डोळे पडद्यावर. त्यापेक्षा बोट बरं.

कविता अशीच आली होती, सासूला घेऊन. जवळच्या तांड्यावरची. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडायचे, आता स्वतःची शेती करतात. कविता बारावी सायन्स झालेली, लग्नाला दोन वर्षं. सासू धनीबाई, हातभर गोंदण, तोंडात तंबाखू आणि नजर अशी की समोरच्यानं गुमान खरं बोलावं.

"हिच्या फोनले माहा अंगठा लावून दे," धनीबाई म्हणाली.

मी अंगठा लावून घेत असताना कवितानं हळूच सांगितलं. यवतमाळला नर्सिंगच्या कोर्ससाठी तिनं अर्ज भरला होता. यादीत नाव लागलं होतं. कागदपत्रं तपासायला कधी यायचं, तो निरोप याच फोनवर येणार होता, आणि तो चुकला तर जागा पुढच्या मुलीला. कागदांचे फोटो, अर्ज, सगळं याच फोनमध्ये. नवरा विलास याला यातलं काही माहीत नव्हतं.

"काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"होस्टेलात राहा लागते ताई. ते नाई म्हणतीन. एकदा नाई म्हटलं की मंग नाईच. निरोप आला की सांगतो, म्हटलं."

"आन् ही वेचाले गेली का फोन माह्यापाशीच रायते, मी दिवसभर घरी," धनीबाई म्हणाली. "निरोप आला का, पळत वावरात जाईन मी. मले वाचता नाई येत, पन घंटी तं आयकू येते!"

मला ती सासू इतकी आवडली म्हणून सांगू! मी बायांना नेहमी सांगते ते तिलाही सांगितलं. "मावशी, कोणी जबरदस्तीनं अंगठा लावायला सांगितलं तर या दोन कळा फोन बंद होईपर्यंत दाबून धरा. बंद झालेला फोन पुन्हा चालू केला की पहिल्यांदा अंगठा चालत नाही. पिनच लागतो. आयफोन असला तरी तेच."

"अस्सं?" ती म्हणाली, आणि चुना मळत बसली. तिच्या डोक्यात शिरलं की नाही, मला कळलं नाही.

मग कापूस भरात आला, आणि एका बाजाराच्या दिवशी विलास दुकानात आला. एकटाच. कविताचा फोन काउंटरवर ठेवला, शेजारी फोनचं बिल ठेवलं.

"उघडून द्या."

फोन मी लगेच ओळखला. तोंडावर काही दिसू दिलं नाही. "कोणाचा आहे?"

"माहा. बिल पाहा ना."

"वापरतं कोण?"

"बायको." माणूस वाईट नव्हता. चेहरा जागरणाचा होता. "कोनाचा तरी फोन येते ताई तिले. मी आलो का बंद करून टाकते. यवतमाळचा नंबर म्हंते, चुकून आला म्हंते. रोज चुकून येते का? आज ती वेचाले गेली तं घेऊन आलो."

"अंगठा आईचा लागतो ना याला?"

"तुमाले कसं मालूम?"

"तांड्यावरचे सगळे फोन असेच असतात," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"याडी नाई लावून देऊन राह्यली," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "सकाळी म्हंते अंगठ्याले चुना लागला. धुवून ये म्हटलं तं म्हंते अंगठा दुखून राह्यला. आता म्हंते मले पूजा कराची हाय!"

मी म्हटलं, आईच्या अंगठ्यापुढे मी कोण? माझ्याकडे याची किल्ली नाही. तो फोन उचलून तरातरा निघून गेला. मला वाटलं, संपलं. कशाचं संपतंय! थोड्या वेळानं मोटारसायकल परत, आणि मागे धनीबाई. पदरात हात गुंडाळून बसलेली. बाकड्यावरचे दोघे-तिघे चहा विसरून बघायला लागले.

विलासनं आईच्या हातातून फोन घेऊन माझ्यासमोर ठेवला. "आता तुमच्यासमोर लावते म्हंते."

"हाव, लावतो ना," धनीबाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "कायले नाई लावू? माहा लेक हाय."

मला वाटलं, आता ही लावणार. मी फोन उचलला आणि पाहते तर काय, बंद!

"हा बंद कसा?"

"बॅटरी उतरली असन," धनीबाई म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मोटारसायकलवर मागे बसून, पदराखाली, चाचपून चाचपून तिनं त्या दोन कळा दाबून धरल्या होत्या. अक्षरओळख नसलेली बाई, पण ऐकलेलं विसरायची नाही.

मी फोन चालू केला. धनीबाईनं थाटात पुढे होऊन अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पिन टाका. पुन्हा ठेवला. पिन टाका.

"पाय बापा," ती लेकाला म्हणाली, "मी तं लावून राह्यलो. अंगठा कुठी चालून राह्यला?"

बाकड्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. विलासच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मंग पुसून टाका सगळं!" तो ओरडला. "बिल माह्या नावाचं हाय. पुसा!"

आता मात्र माझाही पारा चढला. पुसायला फार काही लागत नाही. पुसलं असतं तर अर्ज, फोटो, निरोप, त्या पोरीचं सगळं गेलं असतं. "मी पुसणार नाही," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या कोणाकडून पुसून आणलं तरी चालू होताना हा तुझ्या बायकोचंच खातं मागेल. तिच्याशिवाय ही नुसती वीट आहे. बिल फ्रेम करून लाव भिंतीला!"

"मंग करू काय मी?"

"सकाळपासून आईला विचारलं, मला विचारलं. जिचा फोन आहे तिला विचारलं का?"

मग, कसं असतं बघा, रागात माणसाचा हात सवयीनं चालतो. त्यानं स्वतःचा फोन काढला आणि बायकोला लावला. आणि काउंटरवरचा फोन वाजायला लागला.

कोणी हसलं नाही. विलास वाकून त्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर नुसता नंबर होता. नाव नाही, फोटो नाही, काही नाही.

"माहं नावच नाई ठेवलं इनं," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. एवढा वेळ तो चिडला होता. आता त्याला लागलं. "दोन वर्सं झाले. अनोळखी मानसावानी नंबर दाखवून राह्यला."

मी त्याला समजावलं. बंद होऊन चालू झालेला फोन पिन टाकेपर्यंत कोणालाच ओळखत नाही. नावं आतल्या खोलीत असतात, आणि ती खोली मालकीण आल्याशिवाय उघडत नाही. पण त्याचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. बाकड्यावर जाऊन बसला, धनीबाईशेजारी. तिनं तंबाखूची चिमूट पुढे केली.

बाजाराच्या दिवशी वेचणाऱ्या बाया दुपारीच सुटतात. तांड्यावर कोणीतरी कविताला सांगितलं असणार, कारण ती तशीच आली, डोक्याला फडकं, केसांत कापूस. दारातून तिनं फोन पाहिला, नवरा पाहिला, सासू पाहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मले मागतला असता तं देला नसता का?" ती नवऱ्याला म्हणाली.

विलास खाली बघत होता. तिनं काउंटरवरचा फोन घेतला, पदराला बोटं पुसली आणि सगळ्यांदेखत एकेक आकडा दाबून पिन टाकला. बोटांना चिरा होत्या, एकातून रक्त आलेलं. फोन उघडला आणि अडकलेले निरोप धडाधड यायला लागले. त्यातला एक तिनं दोनदा वाचला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"नर्सिंगचा कोर्स हाय. यवतमाळले. होस्टेलात राहा लागते. त्यायचाच फोन येते, कोनते कागद हाय ते इचाराले. आता कागदं घेऊन बलावलं. तुमी नाई म्हनसान म्हून भेव वाटे."

विलासनं निरोप वाचला की नाही कोण जाणे. त्यानं फोन हातात घेतला नाही. स्वतःचा काढला, आणि हट्टी पोरासारखा पुन्हा तिचाच नंबर लावला. सुटत नव्हतं ते त्याच्या मनातून.

फोन वाजला. या वेळी पडदाभर फोटो आला. शेतात कापसाच्या ढिगावर विलास झोपलेला, तोंड उघडं, केसात कापूस, एक चप्पल पायात आणि एक कुठेतरी. वर नावाच्या जागी लिहिलं होतं, 'घर'.

आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फोनमध्येही लिहीत नाहीत. कोणी 'मिस्टर' लिहितं, कोणी 'पिंकीचे पप्पा'. हजारो फोन हातातून गेले असतील, पण हे मी पहिल्यांदा पाहिलं.

धनीबाई मान वाकडी करून फोटो बघत होती. "अवं माय! तोंड तं पाय, माशी जाईन ना!" आणि ती अशी हसली की बाकड्यावरचेही मोकळेपणानं हसले. विलासही हसला, पण डोळे पुसत. फोन वाजून वाजून बंद झाला.

मग त्यानं घसा साफ केला. "कवा जा लागते म्हंते?"

"सोमवारी."

"सोमवारी आपलं वेचनं हाय," तो म्हणाला. मग आईकडे वळला, "याडी, तू पायशीन का वेचनाऱ्या बायांकडे? मी इले घेऊन जातो."

बाकड्यावर आजही भांडणं चालतात. आयफोन का अँड्रॉइड. मी म्हणते, दोन्ही चांगले. दोन्हीकडच्या माणसांनी आम्हाला कधी पाहिलं नाही, कापसाचं बोंड हातात धरलं नाही. तरी त्यांनी असं दार केलं की बिल दाखवून, ओरडून, हात धरून ते उघडत नाही. त्या दिवशी त्या दारामुळे तांड्यावरच्या एका पोरीला तिची वेळ मिळाली. आणि दाराला जे जमलं नसतं, ते पदराखाली धनीबाईनं केलं.

कविता मध्यंतरी सुट्टीत आली होती, काच बदलायला. होस्टेलात कापूस नाही. बोटांच्या चिरा भरल्या आहेत. मी तिचं स्वतःचं बोट लावून दिलं. पहिल्या झटक्यात उघडला फोन. यादीत जुना अंगठा अजून होता.

"सासूबाईंचा काढून टाकू?" मी विचारलं. "आता गरज नाही."

तिनं फोन माझ्या हातातून काढूनच घेतला.

"नाई ताई," ती म्हणाली. "तो राहू द्या."